शून्य गोलांची कारकीर्द: शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लिश फुलबॅकवर कसं लिहावं

जेसी पेनिंग्टन हा वेस्ट ब्रॉमिच अल्बियन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा डावा फुलबॅक, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे उभ्या राहणाऱ्या दोन बचावपटूंपैकी डावीकडचा. लीगचे ४५५ सामने खेळला, गोल शून्य. इंग्लंडकडून २५ सामने, तिथेही शून्य. आघाडीवीरावर लिहायचं तर गोलांची यादी हाताशी असते आणि तिच्या आधारानं पुढे सरकता येतं. पेनिंग्टनवर लिहिणाऱ्याला तसा काहीच आधार नसतो. त्यामुळे त्या काळच्या बचावपटूंची बोळवण बहुधा दोन ओळींत होते: अमुक साली आला, इतके सामने खेळला, तमुक साली थांबला. मला हे फार लागतं. पंधरा-वीस वर्षं दर शनिवारी संघाचा गोल राखणाऱ्या माणसाच्या वाट्याला दोन ओळी!

ही माणसं नीट लिहिता येतात. मात्र त्यासाठी स्वतः त्यांच्याकडे बघण्याआधी त्यांच्या आजूबाजूला बघावं लागतं. तेव्हाचे नियम काय होते आणि त्याच्या शेजारी कोण उभं होतं, हे कळलं की फुलबॅक दिसू लागतो. मी ज्या क्रमानं हे काम करते, तो क्रम इथे सांगते.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर एकाच क्लबात आयुष्य काढलेला खेळाडू निवडा. चार क्लब फिरलेल्या माणसामागे धावताना नवखा माणूस दमून सोडून देतो. माझी शिफारस बॉब क्रॉम्प्टनची. जन्म २६ सप्टेंबर १८७९, ब्लॅकबर्न. खेळला फक्त ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून, १८९६ ते १९२०. उजवा फुलबॅक, कर्णधार, १९११-१२ आणि १९१३-१४ अशा दोन लीग विजेतेपदांचा मानकरी, इंग्लंडकडून ४१ सामने. हा ४१ चा विक्रम १९५२ मध्ये बिली राइटनं मोडला. इतका मोठा खेळाडू असल्यामुळे कागद भरपूर सापडतात आणि हात बसतो. मग कमी माहितीतल्या माणसाकडे वळा.

आधी माणूस पक्का करा

बातम्यांत नाव येतं ते नुसतं आडनाव, फार तर एक आद्याक्षर. एकाच शहरात त्याच नावाचे चौघे असू शकतात. म्हणून जन्मनोंदीपासून सुरुवात करायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि तिची सूची तीन-तीन महिन्यांच्या गठ्ठ्यांत लावलेली आहे. नोंदणीला बेचाळीस दिवसांची मुदत असे. म्हणजे क्रॉम्प्टनसारखा सप्टेंबरअखेरीस जन्मलेला माणूस ऑक्टोबर ते डिसेंबरच्या गठ्ठ्यातही असू शकतो. एका तिमाहीत सापडला नाही म्हणून थांबायचं नाही, पुढची बघायची.

नंतर जनगणना. १९०१ च्या जनगणनेत प्रगणकानं उतरवून काढलेल्या वह्याच उरल्या आहेत. १९११ ची मात्र घराघरातली मूळ पत्रकं टिकली आहेत, कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेली. तिथे व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते जरूर बघा. क्रॉम्प्टन तरुणपणी प्लंबरच्या हाताखाली काम शिकत होता. या पिढीतल्या बहुतेक फुलबॅकच्या पाठीशी असं एखादं हातातलं काम असे: खाण, गिरणी, फाउंड्री. तो रकाना त्यांच्या आयुष्याचा निम्मा भाग सांगतो. १९३१ ची जनगणना आगीत जळून गेली, तेव्हा ती शोधण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही बघा. तिच्यात जन्मतारीख पूर्ण असते, त्यामुळे सुरुवातीला धरलेला माणूस तोच की दुसरा, याचा निकाल तिथे लागतो.

हंगामांचा सांगाडा

आता मोठा कागद घ्या. उभ्या ओळीत हंगाम, आडव्या रकान्यांत सामने, जागा, जोडीदार, गोलरक्षक, शेरा. जोडीदार आणि गोलरक्षक हे दोन रकाने लोक गाळतात. गाळू नका, पुढे सगळी गंमत तिथेच आहे.

सामन्यांचा नुसता आकडा काही सांगत नाही. तो किती सामन्यांपैकी आहे, हे सोबत हवं. लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात १८९८ पर्यंत १६ संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे ३० सामने. १८९८ पासून १८ संघ आणि ३४ सामने. १९०५ पासून २० संघ आणि ३८. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, २२ संघ आणि ४२. क्रॉम्प्टनच्या काळात रोव्हर्स कायम पहिल्या विभागात होते, म्हणून त्याचा हिशोब सरळ मांडता येतो. १८९६-९७ ते १९१९-२० या काळात, युद्धाची चार वर्षं वगळून, रोव्हर्सचे लीग सामने झाले ७२०. त्यांतले क्रॉम्प्टन खेळला ५२८. सुरुवातीची पोरवयाची वर्षं आणि अखेरचं, चाळिशी गाठलेलं वर्ष धरूनही चारातले जवळपास तीन सामने. शिवाय तेव्हा इंग्लंडचे सामने बरेचदा शनिवारीच होत, आणि त्याच दिवशी क्लब इंग्लंडकडे गेलेल्या खेळाडूंविना लीगचा सामना खेळे. म्हणजे न खेळलेल्या सामन्यांतले काही इंग्लंडसाठी गेलेले. हे ताडून पाहिल्याशिवाय ‘दुखापत’ असा शेरा मारू नका.

आपल्या सोयीची एक गोष्ट: इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू १९६५ साली आला. त्याआधी ज्याचं नाव संघात, तो पूर्ण वेळ मैदानात, लंगडत का होईना. तेव्हा एक सामना म्हणजे साधारण नव्वद मिनिटं हे धरून चालता येतं. गैरसोयीची गोष्ट अशी की लीगमध्ये पाठीवर क्रमांक आले ते १९३९ मध्ये. त्याआधीच्या छायाचित्रात नंबरावरून कोणी ओळखू येत नाही. बातमीतली संघाची यादी मात्र ठरलेल्या क्रमानं छापली जाई: गोलरक्षक, मग उजवा आणि डावा फुलबॅक, मग मधल्या फळीतले तीन हाफबॅक, मग पाच फॉरवर्ड, म्हणजे आघाडीवीर. यादीतलं दुसरं-तिसरं नाव तुमच्या कामाचं. आणि चाचणी सामन्याच्या यादीत ‘ए. एन. अदर’ नावाचा गृहस्थ दिसला तर त्याचा जन्मदाखला शोधायला जाऊ नका. जागा भरायची बाकी आहे, एवढंच ते सांगतं.

नियम वाचल्याशिवाय फुलबॅक कळत नाही

इथे घाई करू नका. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

तेव्हा संघात बचावपटू म्हणजे दोन फुलबॅक, एवढेच. सेंटर हाफ, म्हणजे तीन हाफबॅकांतला मधला, मैदानभर फिरे, अर्धा वेळ तो हल्ल्यातच असे. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली रॉबर्ट्स याचा उत्तम नमुना. त्याला आजच्या सेंटर बॅकच्या मापानं मोजलं तर त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून तुमचा खेळाडू सेंटर हाफ असेल तर त्याला बचावपटू म्हणण्याआधी साल बघा. सेंटर हाफ मागे येऊन दोन फुलबॅकांच्या मध्ये ठाण मांडू लागला तो १९२५ नंतर.

१९२५ मध्ये बदलला तो ऑफसाइडचा नियम. त्याआधी पास दिला जातो त्या क्षणी आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, ठरे. गोलरक्षक आणि दोन फुलबॅक मिळून झाले तीन. आता कागदावर ठिपके काढून पाहा. एक फुलबॅक दोन पावलं पुढे सरकून आघाडीवीराच्या पलीकडे गेला की मागे उरले दोघेच, आणि आघाडीवीर ऑफसाइड. दुसरा फुलबॅक मागेच थांबलेला, म्हणजे डाव फसला तरी गोलसमोर माणूस आहे. एकाच्या हुशारीवर अख्खी आघाडी अडवता येत होती. १९०७ पर्यंत तर स्वतःच्या अर्ध्या मैदानातही ऑफसाइड धरला जाई.

न्यूकॅसल युनायटेडचा बिल मॅक्रॅकन या डावात सगळ्यांत नावाजलेला. तो बेलफास्टचा, पण दुसऱ्या बाजूला त्याला साथ देणारा फ्रँक हडस्पेथ इंग्लिश. इतर क्लब हा डाव शिकले तसे सामने आटत गेले, सतत शिट्टी वाजू लागली. अखेर १९२५ च्या उन्हाळ्यात तीनाऐवजी दोन असा बदल झाला. १९२४-२५ मध्ये लीगच्या चारही विभागांत मिळून ४,७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात, तितक्याच सामन्यांत, ६,३७३. फुलबॅकांनी काय रोखून धरलं होतं, ते या दोन आकड्यांच्या फरकात दिसतं. पेनिंग्टनच्या शून्याशेजारी हे आकडे ठेवले की त्या शून्याचा अर्थ बदलतो.

आणखी दोन नियम ध्यानात असू द्या. १९१२ पर्यंत गोलरक्षक आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शके. त्यानंतर फक्त पेनल्टी क्षेत्रात. आणि चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला खांद्यानं धडक मारणं कायदेशीर होतं. म्हणजे गोलरक्षकाच्या आडवं उभं राहून अंगावर धडका झेलणं हा फुलबॅकच्या कामाचा भाग होता. १९१२ च्या आधीचा आणि नंतरचा फुलबॅक तोच असला तरी त्याच्या पाठीमागचं चित्र बदललेलं असतं.

जोडी

फुलबॅक एकटा नसतो. क्रॉम्प्टनची विजेतेपदं लिहिताना आर्थर कॉवेलचं नाव टाळता येत नाही, कारण रोव्हर्सच्या त्या संघात डावी बाजू कॉवेलकडे होती. इंग्लंडकडून क्रॉम्प्टन उजवीकडे आणि पेनिंग्टन डावीकडे, ही जोडी वर्षानुवर्षं टिकली. तक्त्यातला जोडीदाराचा रकाना भरत गेलात की दिसेल: जोडी टिकली तिथे संघानं खाल्लेले गोल किती, जोडीदार बदलत राहिला तिथे किती. संघानं खाल्लेले गोल हाच फुलबॅकचा धावफलक, आणि तो दोघांच्या नावावर मांडावा. मी हंगाम तीन भागांत पाडून बघते: दोघं एकत्र असलेले सामने, आपला खेळाडू नेहमीच्या जोडीदाराविना खेळलेले, तो स्वतःच नसलेले. या तीन ओळींतून जे कळतं ते कुठल्याच कौतुकाच्या लेखात सापडत नाही. गोलरक्षक बदलला असेल तर तेही शेजारी लिहा, नाहीतर श्रेय चुकीच्या माणसाच्या पदरात पडेल.

बातम्या कशा वाचाव्यात

जुनी ब्रिटिश वर्तमानपत्रं आता मोठ्या प्रमाणावर डिजिटल स्वरूपात शोधता येतात. ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहातली लाखो पानं त्यात आहेत. फुटबॉलसाठी मँचेस्टरचं ‘अॅथलेटिक न्यूज’ पहिल्यांदा उघडा. ते सोमवारी निघे, शनिवारच्या सगळ्या सामन्यांची हजेरी त्यात असे, आणि त्याचे संपादक जेम्स कॅटन ‘टिटायरस’ या टोपणनावानं लिहीत. टोपणनावं सर्रास होती, म्हणून स्थानिक पत्राचा वार्ताहर कोण हे शोधण्यापेक्षा त्याची सवय ओळखा. काही वार्ताहर फुलबॅककडे बघतच नाहीत. एखाद्यानं सलग दहा सामन्यांत नाव काढलं नाही म्हणून खेळाडू वाईट खेळत होता असं होत नाही.

एका सामन्यासाठी तीन पत्रं वाचा: यजमान गावाचं, पाहुण्यांच्या गावाचं आणि त्रयस्थ. पाहुण्यांच्या पत्रानं विरोधी फुलबॅकची स्तुती केली असेल तर ती जास्त वजनाची. विशेषणांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष द्या. चेंडू ‘लांब भिरकावला’ की ‘हाफबॅककडे सरकवला’, झेप घेऊन अडवला की आधीच जागेवर होता, यातून त्याची शैली कळते.

शोधताना खेळाच्या पानावरच अडकू नका. नोव्हेंबर १९१३ मध्ये एका माणसानं पेनिंग्टनला गाठलं आणि एव्हर्टनविरुद्धचा सामना अल्बियननं जिंकू नये यासाठी संघाला पैसे देऊ केले: माणशी पाच पौंड, एकूण ५५. पेनिंग्टननं त्याच्याकडून ते लेखी घेतलं आणि क्लबला, पोलिसांना कळवलं. सामना १-१ असा सुटला, पैसे द्यायला आलेला तो माणूस पकडला गेला आणि पुढे न्यायालयात त्याला पाच महिन्यांची कैद झाली. हे सगळं तपशीलवार सापडतं ते न्यायालयाच्या वृत्तांतात. मैदानावरची बाजूही त्याच तोलामोलाची आहे. १९१२ च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीचा फेरसामना शेफिल्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर जादा वेळेत गेला होता आणि शेवटची दोनेक मिनिटं उरली होती. बार्न्सलीचा हॅरी टफनेल चेंडू घेऊन निसटला. पेनिंग्टनला त्याला पाडता आलं असतं, त्यानं पाडलं नाही. टफनेलनं गोल केला आणि कप बार्न्सलीकडे गेला. या दोन घटना शेजारी ठेवून लिहा. पेनिंग्टन कोण होता हे सांगायला त्याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पगार, नोंदणी आणि रिकाम्या जागा

तक्त्यात अचानक अर्धा हंगाम कोरा दिसला की आधी पैशाचा विचार करा. १९०१ पासून पगाराची कमाल मर्यादा होती आठवड्याला चार पौंड. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात, आणि क्लबनं मोकळं केल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. साहजिकच टेबलाखालून पैसे दिले जात. मँचेस्टर सिटीचं असं प्रकरण १९०६ मध्ये उघडकीला आलं आणि १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली. त्यांत डावा फुलबॅक हर्बर्ट बर्जेस होता. बंदी संपली त्याच दिवशी तो मँचेस्टर युनायटेडकडून मैदानात उतरला. कारण माहीत नसेल तर ते रिकामे महिने दुखापतीचे वाटतात.

खरेदी-विक्रीची रक्कम लिहिताना तिच्या काळाशी जोडा. १९०५ मध्ये आल्फ कॉमनसाठी मिडल्सब्रोनं १,००० पौंड मोजले तेव्हा खळबळ उडाली होती, आणि तो आघाडीवीर होता. १९२२ मध्ये संडरलंडनं साउथ शील्ड्सकडून वॉर्नी क्रेसवेल घेतला ५,५०० पौंडांना. तो विक्रम होता आणि क्रेसवेल फुलबॅक होता. ऑफसाइडचा नियम बदलायच्या आधीच क्लबांना फुलबॅकचं मोल कळलेलं होतं, असा मी याचा अर्थ लावते.

काय मोजायचं, काय नाही

इंग्लंडचे अधिकृत सामने आणि बाकीचे प्रातिनिधिक सामने वेगळे ठेवा. फुटबॉल लीगच्या निवडक संघाकडून खेळणं मानाचं होतं, पण तो इंग्लंडचा सामना नव्हे. १९१० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातल्या कसोट्या आणि १९१९ चे, युद्ध संपल्यावरचे विजय सामने अधिकृत धरले जात नाहीत. उलट १९०८ चा व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग दौरा धरला जातो. सदर्न लीग या दक्षिणेतल्या वेगळ्या लीगचे सामने फुटबॉल लीगच्या आकड्यांत मिसळू नका, मात्र ते हलकेही समजू नका. १९०१ चा एफए कप टॉटनहॅमनं सदर्न लीगमध्ये असताना जिंकला होता. १९१५ ते १९१९ मधल्या प्रादेशिक स्पर्धांसाठी वेगळा रकाना करा.

युद्धाची वर्षं नुसती रिकामी सोडणं मला पटत नाही. सैनिकांच्या सेवानोंदींचा मोठा भाग १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, तरी बटालियनच्या डायऱ्या आणि युद्धस्मशानांच्या नोंदी आहेत. ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यूचा डोनाल्ड बेल हा फुलबॅक, पेशानं शिक्षक. पहिल्या संघाकडून तो जेमतेम पाच सामने खेळला. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ५ जुलै १९१६ च्या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि १० जुलैला तो कोंताल्मेझों इथे मारला गेला. सामन्यांच्या आकड्यावरून ठरवलं असतं तर बेलवर कोणी ओळही लिहिली नसती.

बूट टांगले की कारकीर्द संपली असं धरू नका. बर्जेस पुढे इटलीत प्रशिक्षक झाला. क्रॉम्प्टननं व्यवस्थापक म्हणून रोव्हर्सला १९२८ चा एफए कप जिंकून दिला; खेळाडू म्हणून तो कप त्याला कधीच मिळाला नव्हता. १९३१ मध्ये क्लबातून त्याला बाहेर पडावं लागलं, १९३८ मध्ये त्याच क्लबनं परत बोलावलं, आणि १९३८-३९ मध्ये रोव्हर्स दुसऱ्या विभागात पहिले आले. एकाच क्लबात खेळलेल्या माणसाचं त्या क्लबशी असलेलं नातं इथे उघडं पडतं, आणि ते खेळाच्या वर्षांत शोधून सापडलं नसतं.

लिहायला बसाल तेव्हा तक्ता बाजूला ठेवून एक सामना निवडा, शक्यतो संघानं गोल न खाल्लेला आणि तिन्ही पत्रांत आलेला. त्या सामन्यात तुमचा फुलबॅक कुठे उभा होता, कोणाला अडवत होता, जोडीदार कोण होता, हे आधी लिहून काढा. मग मागे जन्माकडे आणि पुढे निवृत्तीकडे जा. प्रत्येक आकड्यासमोर लीग, कप की इंग्लंड, हे त्याच वाक्यात सांगा, आणि हंगाम नेहमी दोन्ही सालांनी लिहा: १९११-१२, नुसतं १९११ नको.